कागद सांभाळणे हीसुद्धा चळवळच!

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते कित्येक वर्षे सरकारी ताब्यातील पेट्यांत बंद होती. त्यासाठी नागपूरचे अ‍ॅड. जे. बी. बनसोड न्यायालयात गेले. मागणी साधी होती : मला छापू द्या, नाहीतर शासनाने छापावे. शासनाच्या समितीचे विशेष कार्य अधिकारी वसंत मून यांनी पुढे पानन्‌पान वेगळे करून जुळवले. १९७९ साली पहिला खंड निघाला. आज आपण भाषणांत जे उतारे देतो, त्यामागे ही हमाली आहे!

त्याच प्रकल्पाचे पुढे काय झाले? ९ लाख प्रती छापायचे ठरले, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला आणि चार वर्षांत छापल्या ३३ हजार. या बातमीची दखल डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. पैसा होता, कागद होता, वाचकही होता. नव्हती ती कालमर्यादा आणि जबाबदारी.

शासनाला जाब विचारलाच पाहिजे. पण आपल्या घरचे काय?

कळंबसारख्या तालुक्यात हा प्रश्न पोटाशी भिडलेला आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमानुकूल करायचे ठरले. जमीन कसली हे सगळ्या गावाला माहीत असते. पण तहसीलदारासमोर गाव बोलत नाही, कागद बोलतो. एक-ई नोंदवहीचा उतारा, दंडाची पावती, पीकपाहणी. बापाने भरलेल्या दंडाची पावती पत्र्याच्या पेटीत वाळवीने खाल्ली, तर लेकराने दावा कशावर उभा करायचा? विधवा बाईचे तर नावच कुठल्या कागदावर नसते!

आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळे येथे १९४१ साली बाबासाहेब आले, महार-मांग वतनदार परिषद झाली. तिथे जमलेल्यांच्या घरांत आज त्याची पत्रके, फोटो किती उरले असतील?

म्हणून प्रत्येक विहारात एक कपाट आणि एक नोंदवही हवी. कागद कोणी दिला, कधीचा, कशाचा, हे त्यात लिहावे. मूळ कागद मालकाकडेच राहू द्यावा. झेरॉक्स आणि स्कॅन विहारात ठेवावे. कार्यकारिणी बदलली की सहीनिशी ताबा द्यावा. ग्रंथालयशास्त्र शिकलेली आपली मुले-मुली रिकामी बसली आहेत. त्यांना मानधन देऊन हे काम सोपवावे. समाजसेवा म्हणून फुकट राबवू नये. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा यासाठी बाजूला काढला, तर डीजेचा आवाज थोडा कमी होईल, एवढेच.

ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले, त्यांनी स्वतःचे कागद वाळवीच्या स्वाधीन करावेत? येत्या पौर्णिमेला विहारात हा विषय घ्या. बांधवांनो, भगिनींनो, पेटी उघडा!