किडनी सुजली म्हणजे काढावीच लागते असं नाही!

लिंबागणेशच्या एका ताईंनी मुलाचा सोनोग्राफी रिपोर्ट दाखवला. डाव्या किडनीला सूज. "किडनी काढावी लागंल का, दादा?"

बहुतेक वेळा नाही.

किडनी आणि मूत्रनलिकेचा सांधा काहींचा जन्मतःच अरुंद असतो. लघवी तुंबते, किडनी फुगते, कुशीत दुखतं.

उपाय: पायलोप्लास्टी. अरुंद भाग कापून सांधा रुंद करून जोडतात. १९९३ पासून हे दुर्बिणीनेही होतं, तीन-चार छोट्या छिद्रांतून. ऑपरेशन थिएटरमध्ये काम करताना मी स्क्रीनवर पाहतो: फुगलेल्या पिशवीखाली दोऱ्याएवढी नळी!

ऑपरेशनवेळी आत ठेवलेला डीजे स्टेंट, म्हणजे लघवी वाहती ठेवणारी बारीक नळी, काही आठवड्यांनी काढावाच लागतो. ती तारीख चुकवू नका.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

काही शंका असल्यास बिनधास्त विचारा.