पावसाळा आणि जुना मालट्रक

पलसाण्यास मृगापासून चार महिने हवेत ओल असते. तथापि आमच्या जुन्या मालट्रकला पावसाहून परतीच्या मिठाच्या भाड्यानेच अधिक खाल्ले. मीठ हवेतील ओल ओढून घेते व त्या खारट पाण्याने लोखंड झपाट्याने गंजते. वरून रंग ताजा होता. हौद्याखालची पट्टी मात्र हाताने दाबताच तुटली! गंजावर रंग चढविणे म्हणजे रोग झाकणे होय. म्हणून उन्हाळ्यातच चॅसी गोड्या पाण्याने धुवावी. वाळल्यावर तारेच्या ब्रशाने गंज खरवडून प्रथम रेड ऑक्साइडचा हात द्यावा, मग रंग. फळ्यांच्या फटींतील सांडलेले धान्यही तेव्हाच काढावे. ते ओल धरते, आणि चातुर्मासात त्यात जीव पडल्यावर धुण्यास आमचा तरी हात धजत नाही.