एक डिस्क गेली तरी अब्बांचा आवाज राहावा

गेल्या वर्षी, ऐन सराव परीक्षेच्या दिवसांत, आमच्या घरच्या संगणकाची हार्ड डिस्क उडाली. प्रश्नपत्रिका पुन्हा तयार करता आल्या. पण अब्बांनी नातवंडांना सांगितलेल्या गोष्टींचे रेकॉर्डिंगही तिच्यातच होते, आणि अब्बा आता हयात नाहीत. भावाच्या जुन्या फोनात दोन गोष्टी सापडल्या, बाकीच्या गेल्या.

नवी डिस्क घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेले. भायखळ्याहून ते जवळच. दुकानदार म्हणाला, "आपा, दोन डिस्क लावून रेड करा. त्यासाठी हे कार्ड घ्या." कार्डाची किंमत ऐकून मी तशीच परतले आणि आधी विषय समजून घेतला.

एका मोठ्या, महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापरायच्या, ही रेडची कल्पना. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ती १९८८ मध्ये मांडली. घरासाठी त्यातला 'रेड १' हा प्रकार उपयोगी. यात प्रत्येक फाइल दोन्ही डिस्कवर लिहिली जाते. २ टीबीच्या दोन डिस्क लावल्या तरी जागा २ टीबीच मिळते, पण एक बिघडली तर दुसरी काम चालू ठेवते. 'रेड ०'पासून मात्र सावध राहा. त्यात मजकूर दोन डिस्कवर विभागला जातो आणि एक गेली की सगळेच जाते.

आता ही दुसरी प्रत लिहायची कोणी? शाळेचे उदाहरण घेऊ. हार्डवेअर रेड म्हणजे हजेरीपटाची दुसरी प्रत लिहायला खास कारकून नेमणे. कार्डाला स्वतःचा प्रोसेसर असतो, चांगल्या कार्डात वीज गेली तर अर्धवट काम सांभाळणारी बॅटरीही असते. पण या कारकुनाची लिपी त्याची स्वतःची! कार्ड बिघडले की बहुधा त्याच जातीचे कार्ड शोधावे लागते. सॉफ्टवेअर रेडमध्ये शिक्षकच दोन्ही प्रती लिहितो. दोन डिस्कचे काम आजच्या प्रोसेसरला जड नाही. शिवाय संगणक बिघडला तर त्या डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून वाचता येतात. विंडोजमध्ये २०१२ पासून 'स्टोरेज स्पेसेस' ही सोय आहे. लिनक्समध्येही अशी सोय फुकट मिळते. मदरबोर्डवरचा रेड दिसतो हार्डवेअरसारखा, पण बहुतेक काम संगणकाचा प्रोसेसरच करतो आणि डिस्क त्या बोर्डाशी बांधल्या जातात.

म्हणून आम्ही कार्ड घेतले नाही. विंडोज वेगळ्या डिस्कवर ठेवले आणि दोन नव्या डिस्कची जोडी केली. एक खबरदारी घ्या: जोडी करताना डिस्क पुसली जाते, म्हणून आधीचा मजकूर दुसरीकडे उतरवून ठेवा.

वाचलेल्या पैशांतून तिसरी, बाहेरून जोडायची डिस्क घेतली. कारण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. मुलाने चुकून फोटो पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. व्हायरस, आग, चोरी, पाणी यांपुढेही जोडीचा उपयोग नाही.

ती तिसरी डिस्क मुंब्र्याला नणंदेच्या कपाटात असते. दर दोन महिन्यांनी ती आणायची, नवे उतरवायचे, परत ठेवायची. अब्बांच्या उरलेल्या दोन गोष्टी आता तीन जागी आहेत.