नाणेघाटाचं धुकं आणि चोवीस फ्रेमचा हिशोब

जुन्नरहून घाटघरची वाट धरली की चावंड मागे पडतो, माणिकडोहचं पाणी आखडत जातं आणि समोर जीवधन उभा राहतो. श्रावणात हा कडा सबंध असा क्वचितच दिसतो. वरचा काळा पट्टा दिसतो, त्याखाली ढग, ढगाखाली एक हिरवी पायरी, मग पुन्हा ढग. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, म्हणून सह्याद्रीचा डोंगर असा आडव्या पट्ट्यांचा आहे. टणक थराचा उभा कडा, ठिसूळ थराचा उतार, उतारावर गवत. धुकं या पट्ट्यांमधून सरकतं आणि जवळचं, मधलं, लांबचं असं सगळं वेगळं काढून ठेवतं. अ‍ॅनिमेशनमध्ये बॅकग्राउंड काढणाऱ्याला, मुलांच्या भाषेत ‘बीजी’ करणाऱ्याला, जे महिनोन्महिने खपून शिकावं लागतं ते इथे डोळ्यांसमोर मांडलेलं असतं. अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या मुलांना मी वर्षानुवर्षं जुन्नर-आंबेगावकडे घेऊन जातो ते यासाठीच. लेण्याद्री आणि ओझरची दर्शनं ओघाने होतात.

आपल्याकडच्या अ‍ॅनिमेशनचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली, प्रभातने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ काढला. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखी माणसं तिथे घडली. गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोज’ २०१९ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांची नावं मात्र कुणाच्या तोंडी नसतात, आणि माझा जीव त्यांच्यातच अडकलेला आहे.

त्यांतले टायरस वाँग हे माझे सर्वांत आवडते. डिस्नेच्या ‘बॅम्बी’चं काम चाललं होतं तेव्हा जंगलाची सुरुवातीची चित्रं पानन्‌पान रंगवलेली होती. त्या गर्दीत हरणाचं पाडस हरवून जायचं. वाँग तिथे अगदी खालच्या पायरीवरचं काम करत होते. त्यांनी जुन्या चिनी निसर्गचित्रांच्या वळणाने जंगल रंगवून दाखवलं. मध्यभागी थोडा तपशील, कडेला नुसती रंगाची ओल, झाडांचे बुंधे धुक्यात विरत गेलेले. १९४२ मध्ये चित्रपट आला तो त्या शैलीत. बघणाऱ्याची नजर जिथे जायला हवी तिथेच बारकावा ठेवायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं, हे त्यांनी दाखवून दिलं. दुसरे काझुओ ओगा. ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) मधली झाडं, बांध, ओढे त्यांनी पोस्टर कलरने रंगवले. तोच पोस्टर कलर, जो आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमीजिएट ड्रॉइंग परीक्षांच्या मुलांच्या पेटीत असतो. जपानी गावाचा चित्रपट पाहून पुण्यातल्या माणसाला आजोळ आठवतं, यात ओगांच्या ब्रशचा वाटा फार मोठा आहे.

आपल्याकडेही पडदे रंगवणाऱ्यांची परंपरा होती. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवता रंगवताच सिनेमाकडे वळले. त्या काळी जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा असे ठरलेले असत आणि एकच जंगल कितीतरी नाटकांत चालून जाई. विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये आजही मला असा ‘जंगलाचा पडदा’ दिसतो. डोंगर म्हणजे त्रिकोण, झाड म्हणजे हिरवा ढग, गाव म्हणजे चार कौलारू घरं. असा डोंगर जगात कुठेच नाही, मग तो कोणाच्या लक्षात का राहील?

मध्यंतरी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली एक मुलगी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट घेऊन माझ्याकडे आली. कल्पना झकास होती. सातवाहन काळातला व्यापाऱ्यांचा तांडा कोकणातून नाणेघाट चढतो, माथ्यावर जकात भरतो, जुन्नरच्या बाजारात पोचतो, आणि तांड्यातला एक बैल वाटेत चुकतो. पाच मिनिटांची फिल्म, सहा पात्रं, सुमारे चाळीस बॅकग्राउंड. हाताशी एक सत्र. मी तिला वही काढायला लावली आणि आम्ही हिशोब मांडला. सेकंदाला २४ फ्रेम. पाच मिनिटांचे ३०० सेकंद, म्हणजे ७२०० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं, बहुतेक जण तसंच धरतात, तरी ३६०० चित्रं. दिवसाला बारा चित्रं स्वच्छ करून हातावेगळी झाली तर ३०० दिवस, आणि तेही पडद्यावर एकाच वेळी एकच पात्र हलत असेल तर. चाळीस बॅकग्राउंड, रंग, आवाज, संकलन हे अजून धरलंच नव्हतं.

“सर, मग गोष्टच सोडून देऊ का?” तिने विचारलं.

“अगं, गोष्ट कशाला सोडतेस? आधी तुला सगळ्यात जास्त काय काढायचंय ते सांग.”

तिने क्षणभरही विचार केला नाही. “घाट.”

माझ्या मते प्रोजेक्टचा आवाका कमी करण्याची सुरुवात याच प्रश्नाने व्हायला हवी. बहुतेक मुलं सगळीकडून थोडं थोडं छाटतात. पात्रं सहाची चार, बॅकग्राउंड चाळीसची पंचवीस, मिनिटं पाचची साडेतीन. मग ज्युरीसमोर जे येतं ते सगळंच अर्धवट असतं. एक गोष्ट पूर्ण ठेवायची आणि बाकीच्यांवर निर्दयपणे कात्री चालवायची, हे जमलं तरच फिल्म पूर्ण होते. आणि जुन्नर-आंबेगावच्या मुलाने काय ठेवावं याबद्दल माझं मत ठाम आहे. त्याने जागा ठेवावी. धावणारा बैल जगभरातली हजारो मुलं त्याच्यापेक्षा चांगला काढतील. भातखाचराच्या बांधावर पावसाचं पाणी कसं फुटतं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

कात्री कुठे लावायची हे ठरलं ते नाणेघाटाच्या लेण्यात. घाटमाथ्याच्या जरा खाली, खिंडीच्या तोंडाशी हे लेणं आहे. भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला राणी नागनिकेचा लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी दिली, याची ती जंत्री आहे. भारतातले अतिशय जुने कोरीव अंक पाहायचे तर याच लेखात. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या केव्हाच नष्ट झाल्या. वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. ती त्या भिंतीसमोर बराच वेळ स्केच करत बसली होती. उठली तेव्हा वहीत तांडा नव्हता. दगडी पायऱ्या, त्यांवर खुरांच्या ओल्या खुणा आणि माथ्यावरचा तो प्रसिद्ध दगडी रांजण होता. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. व्यापारी दाखवायचेच नाहीत, तांडा नुकताच पुढे गेला आहे, मागे राहिलेला एक बैल तेवढा पाठमोरा चढतो आहे, असं तिने तिथेच ठरवलं.

नवी फिल्म ८० सेकंदांची झाली. बॅकग्राउंड सहा. प्रत्यक्ष हालचाल सुमारे २५ सेकंदांची, म्हणजे ३०० चित्रं, दिवसाला बाराच्या वेगाने २५ दिवस. उरलेला सगळा वेळ घाटाला.

त्या सहांतलं एक चित्र सविस्तर सांगतो, कारण बीजीची सगळी गंमत त्यात आहे. कॅमेरा खिंडीतून आडवा सरकतो, सोळा सेकंदांचा पॅन, एकूण ३८४ फ्रेम. पडद्याची रुंदी १९२० पिक्सेल. पुढचा खडक फ्रेममागे १० पिक्सेल सरकवायचा तर तो थर ५७६० रुंद काढावा लागतो, पडद्याच्या तिप्पट. मधली झाडी ४ पिक्सेलने सरकते, तिला ३४५६ पुरतात. क्षितिजावरची रांग फ्रेममागे एकच पिक्सेल हलते, तिला अवघे २३०४. म्हणजे जितकं लांबचं तितकं काम कमी. तरी मुलं नेमकी लांबच्या डोंगरावरच रात्री जागवतात! थरांच्या मधे धुक्याचे पातळ पट्टे ठेवले की पुढच्या थराची कड कुठे संपते तेही झाकलं जातं. वाँगनी जे चिनी चित्रांतून घेतलं ते आमच्या मुलीला घाटघरच्या वाटेवर आयतं मिळालं.

रंगाच्या आधी तिला करडं चित्र करायला लावलं. पाच छटा, त्यापलीकडे काही नाही, आणि तळहाताएवढ्या कागदावर. तेवढ्यात घाट ओळखू आला तरच पुढे जायचं. नाणेघाटाची बाह्यरेषा दोन बाजूंनी अगदी वेगळी दिसते. माथ्यावर गवताचा उतार चढत जातो आणि अचानक संपतो, पलीकडे थेट कोकण. खालून, वैशाखऱ्याच्या बाजूने, तोच डोंगर नानाचा अंगठा म्हणून आभाळात उठलेला दिसतो. बैल चढतो तो खालून, म्हणून पहिल्या तीन चित्रांत अंगठा आणि शेवटच्या तीनांत उतार, असा क्रम लागला. न बोलता प्रेक्षकाला कळतं की आपण वर आलो.

रंगाचं सांगायचं तर भिजलेला कातळ काळा नसतो. त्यात जांभळट निळा असतो, आणि उन्हात वाळला की तपकिरी राखाडी होतो. हिरव्याचेही महिने असतात. मे महिन्यात राब भाजलेले काळे चौकोन, लावणी झाली की पिवळसर कोवळा हिरवा, भाद्रपदात सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी. सात वर्षांनी एकदा कारवी फुलते तेव्हा उतारच्या उतार जांभळे होतात. रात्रीचं दृश्य करायचं असेल तर भीमाशंकरचं रान गाठावं. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे, आणि भर पावसात कुजक्या लाकडावर चमकणारी बुरशी, तिचा हिरवट उजेड कुठल्याही तयार रंगपेटीत सापडणार नाही.

एका गोष्टीची मला मनापासून चीड आहे. सह्याद्रीतलं आदिवासी गाव म्हटलं की मुलं डोळे मिटून वारली चित्रांची पांढरी माणसं काढतात. वारली कला थोर आहे, पण ती पालघर-डहाणूकडची. इथे महादेव कोळी आणि ठाकर राहतात. त्यांची घरं बघा, कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप, पुढे पडवी, अंगणात वाळत घातलेला हिरडा. हिरड्याचा तो हिरवट तपकिरी रंग आणि कुडावर उमटलेल्या बोटांच्या रेघा एवढ्या काढल्या तरी गाव आदिवासी पट्ट्यातलं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि उतार काढताना तो खरा काढावा, असा माझा आग्रह असतो. याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसं गेली. गाव दिसत नाही हे लक्षात आलं ते रोजच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाच्या. रोज पाहिलेलं दृश्य त्याच्या डोळ्यांत पक्कं होतं. डोंगर, ओढा, खाचरांचे टप्पे यांचं एकमेकांशी काय नातं आहे ते समजून घेतल्याशिवाय या भागातलं चित्र काढायला बसू नये. डिंभे धरणाचं तसंच. घोडनदीच्या या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं. तिथला नुसता निळा तलाव रंगवणाऱ्याला मी उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर, पुन्हा यायला सांगतो.

पावसाळ्यात नाणेघाटात पाणी उलटं उडतं ते पाहायला शनिवार-रविवारी झुंबड उडते. खालून येणारा वारा खिंडीत कोंडतो आणि कड्यावरून पडणारी धार वर फेकतो. फिल्ममध्ये ते फार स्वस्तात झालं. स्थिर कड्यावर आठ चित्रांचं फिरतं आवर्तन, पांढऱ्या तुषारांचं, तिरपं वर जाणारं. प्रेक्षकाला सगळा घाट जिवंत वाटतो आणि खर्च आठ चित्रांचा.

पूर्वेकडच्या सपाटीबद्दल कमीच लिहिलं जातंय याची जाणीव आहे. उसाचं रान, त्यात वाढणारे बिबटे, माणिकडोहचं निवारा केंद्र, नारायणगावचा टोमॅटो आणि तमाशाच्या राहुट्या, खोडदच्या माळावर ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी, हे सगळं स्वतंत्र लेखाचं आहे. दुर्बिणींच्या मागे मावळतीचा जुन्नरी डोंगर घेतला की विज्ञानकथेची बॅकग्राउंड तयार आहे, कुणीतरी उचलावी.

त्या मुलीने कापून टाकलेली दृश्यं वाया गेली नाहीत. बाजार आणि लेणी यांची लेआउट तिने पोर्टफोलिओत लावली. जुन्नरच्या तुळजा लेण्यांचं लेआउट तिच्याच कॉलेजातल्या एका ज्युनिअरने मागून घेतलं. तिथला चैत्य गोल आहे, मधे स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमट. चौकोनी खोलीत दोन भिंती जिथे मिळतात तिथून परिप्रेक्ष्य पकडता येतं. गोल खोलीत तसा कोपराच नाही. कॅमेरा स्तूपाभोवती फिरवायचा तर खांब एकमेकांआड कसे जातात हे आधी मातीचं छोटं मॉडेल करून बघ, असं मी त्याला सांगितलं आहे. फिल्म तीस सेकंदांची ठरली आहे, पात्र एकही नाही, दाराकडून आत येणारा उजेड तेवढा खांबांवरून सरकणार आहे. सध्या तो कोणत्या खांबाची सावली कुठे पडते त्याचा नकाशा करतो आहे.