७६ हा आकडा कोणाचा?

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांच्यासाठी ही उजळणी, आणि ज्यांच्या वाडीत रेंजची एकच दांडी येते त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग.

परवा एका श्रोत्याने मला रील पाठवलं. जगाचा रंगीत नकाशा, मागे गंभीर म्युझिक, आणि भारतावर आकडा: ७६. म्हणे हा आपल्या देशाचा सरासरी बुद्ध्यांक, म्हणजे आयक्यू. खाली त्याने लिहिलं होतं, ‘दादा, हे खरं असेल तर आपण शिकून उपयोग काय?’ हा मुलगा बारावीला आहे. त्याचा प्रश्न मला झोंबला, म्हणून आजचा विषय हाच.

ते रील मी आधी आमच्या आजोला दाखवलं. आजोची हयात मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढण्यात गेली, शाळा तिसरीत सुटली. त्याने चष्मा वर केला, नकाशा बघितला आणि म्हणाला, “ह्यो आकडो काढलो कोणी? माका तर कोण इचारूक इलो नाय!”

मी हसलो. पण खरं सांगू? प्रश्न हाच विचारायचा असतो.

आकडा काढला कोणी, तर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लिन आणि फिनलंडचे राज्यशास्त्राचे अभ्यासक टाटू व्हानहानेन यांनी २००२ मध्ये एक पुस्तक काढलं. त्यात १८५ देशांचे बुद्ध्यांक होते. पण प्रत्यक्ष चाचण्यांची माहिती होती फक्त ८१ देशांची. उरलेल्या १०४ देशांचं काय केलं? आजूबाजूच्या देशांवरून अंदाज लावला. म्हणजे देवगडचा आणि वेंगुर्ल्याचा पापलेटचा भाव घ्यायचा, दोनाने भागायचं आणि मालवणच्या बाजारात पाय न ठेवता इथला भाव सांगायचा.

बरं, जिथे माहिती होती तिथे तरी? विषुववृत्तीय गिनी या आफ्रिकी देशाला ५९ दिले होते. तो आकडा आला होता स्पेनमधल्या मुलांच्या एका गटावरून, आणि तीही बौद्धिक वाढीत अडचणी असलेल्या मुलांच्या संस्थेतली. त्यावरून अख्खा देश मोजला! २०२० मध्ये मानवी वर्तन आणि उत्क्रांती यांचा अभ्यास करणाऱ्या युरोपातल्या संघटनेने जाहीर निवेदन काढून सांगितलं, की ही आकडेवारी संशोधनात वापरू नका.

आता भारताचं बघा. २००२ च्या यादीत भारताला ८१ होते. २०१९ च्या सुधारित यादीत ७६. सतरा वर्षांत देशाची बुद्धी पाच गुणांनी घसरली? याच काळात पोरं शाळेत जास्त जायला लागली. २००१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे ६५ टक्के होती, २०११ मध्ये ७३. वजनकाट्यावर तोच बांगडा दोनदा ठेवला आणि वजन वेगवेगळं आलं, तर आपण बांगड्याला नाही, काट्याला नावं ठेवतो.

अजून एक साधा हिशेब करू. बुद्ध्यांकाची चाचणी अशी बसवलेली असते की ज्या समाजावर ती बसवली त्याची सरासरी १०० येते, आणि बहुतेक लोक ७० ते १३० मध्ये पडतात. ७० च्या खाली गुण आणि रोजचे व्यवहारही जमत नसतील, तर डॉक्टर बौद्धिक अक्षमतेचा विचार करतात. आता सरासरीच ७६ धरली, तर शंभरातले जवळजवळ ३४ जण ७० च्या खाली जातात. मालवण-कणकवली एसटीत बसा आणि मोजा. दर तिसऱ्या माणसाला सुट्टे पैसे मोजता येत नाहीत, उतरायचा थांबा कळत नाही, असं दिसतं का?

मग ही चाचणीच फालतू का? नाही. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी ती बनवली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत द्यायला. देशांची क्रमवारी लावायला नव्हे. आजही एखाद्या मुलाला अडचण असेल, तर जाणकार माणसाने नीट घेतलेली चाचणी त्याला योग्य मदत मिळवून देऊ शकते. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी ती नव्याने बसवली आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. बिने-कामत चाचणी म्हणून ती अजून वापरात आहे. मुलाची भाषा आणि त्याचं जग बदललं की प्रश्नही बदलावे लागतात, हे त्यांना नव्वद वर्षांपूर्वी कळलं होतं.

आता तुमच्या अनुभवातली गोष्ट. शिष्यवृत्ती परीक्षेतला ‘बुद्धिमत्ता चाचणी’चा भाग आठवतोय? गटात न बसणारा शब्द ओळखा, आरशातली प्रतिमा, घड्याळाचे काटे. चौथीत पहिल्या सराव पेपरात मी पार आपटलो होतो. मग बाईंनी शाळा सुटल्यावर रोज एक तास बसवून घेतलं. चार महिन्यांनी गुण दुप्पट झाले. माझा मेंदू दुप्पट झाला का? नाही हो. असे प्रश्न कसे वाचायचे, ते मला कळलं.

हीच गोष्ट देशांच्या पातळीवर दिसते. नेदरलँड्समध्ये सैन्यभरतीला येणाऱ्या तरुणांचे गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे २० ने वाढले. जेम्स फ्लिन या संशोधकाने असे आकडे अनेक देशांतून गोळा केले, म्हणून त्याला फ्लिन परिणाम म्हणतात. रक्त तीस वर्षांत बदलत नाही. शाळा, आहार, आरोग्य आणि कामधंदा बदलतो. नॉर्वेने सक्तीचं शिक्षण सात वर्षांवरून नऊ केलं, तेव्हा शाळेच्या प्रत्येक जादा वर्षामागे मुलांच्या बुद्ध्यांकात सुमारे ३.७ गुणांची भर पडल्याचं दिसलं. २०१८ मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली, तिथेही वर्षाला एक ते पाच गुण असंच निघालं.

म्हणजे त्या मुलाचा प्रश्न उलटा झाला. ‘आकडा कमी, मग शिकून काय उपयोग’ असं नाही. शिकल्यानेच तो आकडा हलतो.

आणि शाळा न मिळालेला माणूस बुद्धू असतो का? आमच्या आजोला गटात न बसणारी आकृती ओळखायला सांगा, तो म्हणेल, “ह्या कित्याक होया?” पण भरती कधी ते विचारा. तो तिथी विचारतो, तिची पाऊणपट करतो आणि वेळ सांगतो. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, ते सगळं गणित त्या ‘पाऊणपट’मध्ये बसलंय. हा प्रश्न कुठल्या बुद्ध्यांक चाचणीत नाही. असता, तर आजो पैकीच्या पैकी आणि मी नापास.

आता जरा आपल्याही कानाला धरू. २०२४ च्या दहावीच्या निकालात कोकण विभाग ९९.०१ टक्क्यांनी राज्यात पहिला आला आणि नागपूर विभाग ९४.७३ वर शेवटी. आपण स्टेटस ठेवले, ‘कोकणची पोरां हुशार!’ मीही ठेवला होता. पण म्हणजे नागपूरची मुलं मठ्ठ? कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे दोनच जिल्हे आणि विद्यार्थी राज्यात सगळ्यात कमी. विभागाची टक्केवारी सांगते किती जण पास झाले. डोक्यात काय आहे ते ती सांगत नाही. आपल्या बाजूचा आकडा आला की आपण छाती फुगवतो आणि विरुद्ध आला की चिडतो. दोन्ही वेळा आजोचा प्रश्न विचारायचा विसरतो.

हे सगळं एवढं मनावर का घ्यायचं? आपल्या जिल्ह्यात पट कमी झालेल्या वाडीवरच्या शाळा तुम्हाला माहीत आहेत. एक गुरुजी, आठ-नऊ पोरं. उद्या कोणी म्हणालं, ‘यांची कुवतच एवढी, कशाला खर्च’, तर तो त्याच रीलची भाषा बोलत असेल. कुवत आधी ठरते आणि मग शाळा द्यायची, असं नसतं. शाळेचं प्रत्येक वर्ष ती कुवत घडवत असतं.

त्या बारावीच्या मित्राला मी रात्री उत्तर पाठवलं: तुझी चाचणी कोणी घेतलेली नाही, तेव्हा ७६ हा आकडा तुझा नाही. फेब्रुवारीत तुझी परीक्षा आहे. अभ्यासाला लाग.

त्याने अंगठा पाठवला. आजोने मात्र विचारलं, “मगे? सांगलंस त्येका?” म्हटलं, सांगलंय. भेटू पुढच्या भागात.