एक माशी कमी झाली तर काय बिघडतं?

आज आपण मनाने एक पायवाट चढणार आहोत. ठिकाण अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं गॉथिक, उंची साधारण 2,900 मीटर. चांदीच्या खाणी बंद पडल्यावर हे गाव ओस पडलं आणि 1928 साली तिथे रॉकी माउंटन बायोलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. उन्हाळ्यात इथली कुरणं फुलांनी भरून जातात. फुलं तर सगळेच बघतात. आपण त्यांच्यावर येणाऱ्या बंबलबीकडे बघू.

बंबलबी म्हणजे आपल्याकडे लाकूड पोखरणारा काळा भुंगा नव्हे. ही गुबगुबीत, अंगभर दाट केस असलेली, थंड प्रदेशातली माशी. भारतात ती हिमालयात भेटते. गार सकाळी ती उडण्याचे स्नायू थरथरवून आधी अंग तापवून घेते आणि मगच निघते. म्हणून तर बाकीचे कीटक गारठून बसलेले असताना हिचं काम सुरू झालेलं असतं.

पायवाट ओलसर उतारावर आली की दोन उंच, निळ्याजांभळ्या फुलांची झाडं दिसतात. एक डेल्फिनियम. त्याचा मध फुलामागच्या लांब नळीत दडलेला असतो. दुसरं आपल्या बचनागाचं भावंड, टोपी घातल्यासारखं फूल. डेल्फिनियमवर जास्त करून लांब जिभेची बंबलबी येते, बचनागावर तिच्याहून आखूड जिभेची. जणू वाटणीच करून घेतलीय!

मग एक जात काढून घेतली तर? डेव्हिड इनोये यांनी हे करून पाहिलं आणि 1978 मध्ये निष्कर्ष छापले. एकीला हटवलं की दुसरी तिच्या फुलांवर जास्त येऊ लागली. वाटलं, चला, काम काही अडत नाही.

पण इथेच खरी गोम आहे. बी धरायचं तर त्याच जातीच्या फुलाचे पराग यायला हवेत. 2013 मध्ये बेरी ब्रोझी आणि हेदर ब्रिग्ज यांनी याच परिसरातला प्रयोग प्रसिद्ध केला. कुरणात 20 मीटर लांब-रुंद तुकडे आखले आणि तिथली सर्वांत जास्त संख्येने असलेली बंबलबीची जात जाळीने पकडून बाजूला काढली. एरवी 78 टक्के माश्या एकाच जातीच्या फुलांशी एकनिष्ठ असायच्या. आता ते प्रमाण 66 टक्क्यांवर आलं. स्पर्धा कमी झाली, तशा उरलेल्या माश्या या फुलावरून त्या फुलावर हिंडायला लागल्या. परिणाम? डेल्फिनियमचं बी सुमारे एक तृतीयांशाने घटलं.

लक्षात घ्या, माश्या होत्या आणि फुलांवर येतही होत्या. तरी बी कमी झालं. म्हणजे ‘एक जात गेली तरी बाकीच्या सांभाळून घेतील’ असं धरून चालता येत नाही. नुसत्या माश्या मोजून कुरणाची तब्येत कळत नाही. कोणती माशी कुठून कुठे जाते, तेही बघावं लागतं.

हे बघायला यंत्र लागत नाही. हिमालयात फुलं बघायला जाल तेव्हा एका जागी पाच मिनिटं थांबा, एकच बंबलबी नजरेत धरा आणि तिचं पुढचं फूल त्याच जातीचं आहे का, एवढं टिपून ठेवा.