एकच झुडूप, दोन बेटांवरचे वणवे

आयर्लंड आणि न्यूझीलंड या दोन द्वीपराष्ट्रांतील झुडपी प्रदेशाचे वणवे तुलनेला घ्यावेत, याचे सबळ कारण म्हणजे दोन्हीकडे पेट घेणारी वनस्पती बऱ्याचदा एकच असते. गॉर्स हे पिवळ्या फुलांचे, शेंगा धरणारे काटेरी झुडूप असून त्याच्या आतल्या भागात वाळलेल्या काटक्या साचून राहतात, त्यामुळे ते झपाट्याने पेटते. आयर्लंडमध्ये ते मूळचेच. न्यूझीलंडमध्ये मात्र युरोपीय वसाहतकारांनी ते कुंपणासाठी नेले आणि १८३५ मध्ये तेथे आलेल्या चार्ल्स डार्विनने त्या कुंपणांची नोंदही केली.

आयर्लंडमधील वणवे प्रामुख्याने वसंतात लागतात, कारण हिवाळ्यात वाळलेले गवत तेव्हा उभे असते आणि नवी पालवी अजून फुटलेली नसते. चराईसाठी रान जाळण्याची जुनी रीतही तेथे आहे, म्हणूनच वन्यजीव कायद्याने १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात पडीक जमिनीवरील झाडोरा जाळण्यास मनाई केली आहे. तरीही एप्रिल २०२१ मध्ये किलार्नी राष्ट्रीय उद्यानात अडीच ते तीन हजार हेक्टर क्षेत्र होरपळले. न्यूझीलंडमध्ये धोका मुख्यतः उन्हाळ्यात असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये क्राइस्टचर्चजवळच्या पोर्ट हिल्सवर गवत, गॉर्स आणि पाइनची लागवड मिळून सोळाशेहून अधिक हेक्टर जळाले.

हे आकडे शेजारी मांडले की तुलना झाली, असे मानणे चुकीचे ठरेल. न्यूझीलंडचे क्षेत्रफळ आयर्लंडच्या जवळजवळ चौपट असल्याने तेवढ्याच हेक्टरांचा वाटा तेथे चौथ्या हिश्श्यावर येतो. शिवाय खरा भाजक देशाचे क्षेत्रफळ नसून झुडपी जमिनीचे क्षेत्रफळ असायला हवा, आणि ते ठरवणेच अवघड आहे, कारण गवत व झुडपे मिसळलेल्या माळाला एक वर्गीकरण झुडपी प्रदेश म्हणते, तर दुसरे गवताळ. जगभरचे दग्धक्षेत्र मोजणारी एक प्रचलित उपग्रह-पद्धत सुमारे ५०० मीटर बाजूचे चौकोन धरते. एक चौकोन वीस-पंचवीस हेक्टरांचा, त्यामुळे छोटे वणवे निसटतात आणि आयर्लंडचे ढगाळ आकाश त्यात भर घालते. त्यातच दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असतो, म्हणून जानेवारीपासून वर्ष मोजल्यास न्यूझीलंडचा एकच हंगाम दोन वर्षांत विभागला जातो.

जळालेल्या हेक्टराचा अर्थही दोन्हीकडे वेगळा आहे, आणि तुलनेत सर्वाधिक दुर्लक्ष याकडेच होते. आयर्लंडमधील वसंतातला वणवा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीवर येतो. न्यूझीलंडमध्ये बँक्स द्वीपकल्पावरील हिनेवाई राखीव क्षेत्रात ह्यू विल्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९८७ पासून गॉर्स न तोडता राहू दिले, कारण त्याच्या सावलीत देशी रोपे रुजतात आणि पुढे त्याच्याही वर जाऊन त्याचा प्रकाश अडवतात. वणवा मात्र हा क्रम पुन्हा आरंभाला आणतो. मातीत कित्येक वर्षे टिकून राहिलेले गॉर्सचे बी आगीनंतर भराभर उगवते, तर आगीला न सरावलेली बहुतेक देशी रोपे पुन्हा उभी राहत नाहीत.